निकुंभ सर रजेवर आहेत

‘श्वास’ आम्ही घरी टीव्हीवर पाहिला तेव्हा मी चौथीत होतो. मला इन्सुलिन सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे हॉस्पिटलचा सिनेमा लावावा की नाही यावर बाबा जरा घुटमळले. आईने लावू दिला. शेवटी दृष्टी गेलेला परशा काळा चष्मा लावून होडीतून गावाकडे परततो, तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळे डोळे पुसत होते. आईनेही पदर डोळ्याला लावला आणि लावता लावताच विचारलं, “आता ह्यो पोर शालेन कसा जायाचा?”

शालेन म्हणजे शाळेत. वरळी कोळीवाड्यातली आमची बोली. बाबा म्हणाले, “अगं, पिक्चर संपला.” आई म्हणाली, “पोर कुटं संपलाय?”

मी पुढे इंजिनीअर झालो, साहित्याचा अभ्यास वगैरे कधी केला नाही. पण सिनेमा बघताना किंवा पुस्तक वाचताना मला जे प्रश्न पडतात ते बहुतेक या एका प्रश्नातून फुटलेले असतात. हा लेखसुद्धा त्यातूनच आलाय. ज्या मुलाला मधुमेह आहे, दमा आहे, फिट येते, ज्याला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, ते मूल मंगळवारी सकाळी अकरा वाजता, भूगोलाच्या तासाला, तिसऱ्या बाकावर बसलेलं असतं. आपल्या गोष्टींमध्ये ते मूल मला फारसं सापडत नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर सापडतं. बक्षीस समारंभात सापडतं. बाकावर नाही.

‘श्वास’बद्दल आधी बोलू, कारण मला तो अजूनही फार आवडतो. संदीप सावंत यांचा हा २००४ चा सिनेमा, कथा माधवी घारपुरे यांची. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीत आणणारा. परशाच्या डोळ्यांना कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. हे सगळं मोठ्यांना कळलेलं असताना डॉक्टर साने अडून बसतात की मुलाला सांगितलं पाहिजे. अरुण नलावडेंनी उभे केलेले आजोबा ते सांगणं जसं टाळत राहतात, ते बघताना पोटात तुटतं. मुलाच्या शरीराबद्दल मुलाशी बोलायचं असतं, ही गोष्ट या सिनेमाने किती गांभीर्याने घेतली आहे! आपल्याकडे पोराला काय कळतंय म्हणून त्याच्या डोक्यावरून बोलायची पद्धत असताना हे फार मोठं होतं, आणि आजही आहे.

पण सिनेमा होडीपाशी थांबतो. त्याला तो हक्क आहे, दोन तासांत किती दाखवणार. होडी धक्क्याला लागल्यावर मात्र बाराखडी उरते, ब्रेल उरते, गावातल्या शाळेत ती शिकवणारं कोणी आहे का हा प्रश्न उरतो. ऑपरेशन एकदा होतं. शाळेत दहा-बारा वर्षं रोज जावं लागतं.

माझा आजार ‘श्वास’मधल्यासारखा नव्हता. टाइप वन डायबेटिस. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, मग इन्सुलिन बाहेरून, सुईने, रोज, जन्मभर. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं उपासमारीच्या पथ्यावर काही काळ जगायची आणि जायची. म्हणजे टाइप वन असलेलं मूल शाळेत जाऊ शकतं ही गोष्टच मुळात शंभर वर्षांची आहे. शाळांना अजून सवय झालेली नाही असं म्हणायला थोडी जागा आहे, पण थोडीच.

यातली खरी गंमत नावात आहे. ‘मधुमेह’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी गोड येतं, मग आजोबा येतात. कोळीवाड्यात तर सरळ “त्याला साखर हाय” म्हणतात. आता ज्याला ‘साखर आहे’ त्याला साखर खाताना बघितलं तर कोणीही भला माणूस हातातून काढूनच घेणार. पण इन्सुलिन टोचलेल्या मुलाचा धोका उलट्या बाजूला असतो. डोस घेतला आणि जेवण उशिरा झालं, किंवा पीटीच्या तासाला जास्त पळालं, की रक्तातली साखर सत्तरच्या खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, समोरचं वाक्य कळेनासं होतं. त्या वेळी साखर हेच औषध. तीनेक चमचे, लगेच, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. उशीर झाला तर मूल बेशुद्ध पडतं, झटके येऊ शकतात. आजाराच्या नावानेच औषधावर संशय यावा अशी ही भानगड आहे.

आईला हे सगळं डॉक्टरांनी एका दुपारी समजावलं आणि तिला ते चटकन समजलं. बर्फ, वेळ आणि नासणं यातच तिचा जन्म गेलेला. पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल घ्यायचा, सकाळपासून बाजारात पाटी लावायची. एकदाच चूक झाली. लाइट गेले होते म्हणून तिने इन्सुलिनची बाटली मासळीच्या बर्फात खोचून ठेवली. ती गोठली. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, मग वितळलं तरी उपयोग नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी माझी साखर चारशेच्या वर गेल्यावर कळलं. त्यानंतर ती बाटली घरात देवाच्या वर होती.

शाळा कोळीवाड्याच्या बाहेर, बसने तीन स्टॉप. मराठी माध्यम, साडेदहा ते पाच. दुपारच्या जेवणाआधी एक इंजेक्शन लागायचं. नववं वर्ष नुकतंच लागलेला मी ते स्वतः घ्यायला शिकलो होतो, पण शाळेने सांगितलं की आवारात सुई चालणार नाही, आणि घ्यायचीच असेल तर पालकाने येऊन, स्वतःच्या जबाबदारीवर द्यावी. तेव्हा आम्हाला यात वावगं काही वाटलं नाही. शाळा ‘नाही’ म्हणाली नव्हती, हेच खूप होतं.

म्हणून आई रोज एक वाजता यायची. बाजारात एक म्हणजे उरलेल्या मांदेलीचे, बोंबलांचे वाटे लावून भाव पाडायची वेळ. घासाघीस करणारं गिऱ्हाईक त्याच वेळी येतं. ती पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकायची, बसने यायची, वॉचमनच्या केबिनमध्ये मला टोचायची आणि परत जायची. तिच्या हाताला मासळीचा वास असायचा. पोरं नाकाला रुमाल लावायची, एक-दोघांनी नाव पाडलं होतं, ते इथे लिहीत नाही. सहावीत असताना मी तिला म्हणालो, तू गेटच्या आत येऊ नकोस, मीच बाहेर येतो. ती “बरं” म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्यावर, समोरच्या झाडाखाली उभी राहायची, आणि मी फुटपाथवर शर्ट वर करून पोटात सुई घ्यायचो. वर्ष-दीड वर्ष हे चाललं.

मधल्या काळात, म्हणजे पाचवीत, ‘तारे जमीन पर’ आला. डिसेंबर २००७. शाळेने आमच्या वर्गांना दादरला दाखवायला नेला. जाताना गाण्यांच्या भेंड्या, येताना सगळी बस गप्प. आमच्या वर्गशिक्षिका बाई इतक्या रडल्या होत्या की त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर अर्धा तास चर्चा झाली. प्रत्येक मूल वेगळं असतं, असं फळ्यावर लिहिलं गेलं, ते आठवडाभर कोणी पुसलं नाही.

त्याच आठवड्यात गणिताच्या तासाला माझे हात थरथरायला लागले. मी उभा राहून विचारलं, बाई, बिस्कीट खाऊ? बाई म्हणाल्या, “मधली सुट्टी वीस मिनिटांवर आलीय, तेवढंही थांबवत नाही?” सगळे हसले. मीही हसलो, कारण साखर कमी असताना कशावरही हसू येतं. मग पाठीमागच्या पोराने दिलेला पार्ले-जी मी बाकाखाली डोकं घालून खाल्ला.

मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांचं रडणं खरं होतं. अठ्ठावन्न पोरं होती वर्गात. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मुख्याध्यापकांना माहीत होतं, ऑफिसला माहीत होतं, वॉचमनला तर आमचं सगळं वेळापत्रक पाठ होतं, पण त्या वर्षी नव्याने आमच्या वर्गावर आलेल्या बाईंपर्यंत ते पोहोचावं अशी वाटच कुठे नव्हती. आणि आदल्याच दिवशी त्यांना सिनेमाने जे शिकवलं होतं त्यात अशा वाटेला जागा नव्हती.

कारण ‘तारे जमीन पर’मध्ये जे काही होतं ते निकुंभ सरांच्या डोळ्यांमुळे होतं. ईशान अवस्थीला वाचनाची अडचण आहे, डिस्लेक्सिया. (हा आजार नव्हे, हे मान्य. पण आपल्या पिढीच्या मनात ‘वेगळं मूल आणि शाळा’ म्हटलं की हाच सिनेमा उघडतो, त्यामुळे त्याला वळसा घालता येत नाही.) पाचगणीच्या त्या बोर्डिंगमध्ये इतके शिक्षक, कोणालाच दिसत नाही. मग एक हंगामी चित्रकलेचे सर येतात. त्यांना दिसतं, कारण लहानपणी ते स्वतः त्यातून गेलेले. ते स्वखर्चाने ईशानच्या घरी जातात, प्राचार्यांकडे शब्द टाकतात, शाळा सुटल्यावर शिकवतात, आणि वर्षाच्या शेवटी ईशान चित्रकलेत पहिला येतो. सुंदर सिनेमा आहे, मी आजही बघताना रडतो. पण बाहेर पडताना प्रेक्षकाच्या हातात काय उरतं? आपल्याही आयुष्यात एखादे निकुंभ सर यावेत अशी इच्छा, किंवा आपणच निकुंभ व्हावं अशी. निकुंभ हंगामी आहेत हे सगळे विसरतात. पुढच्या वर्षी ते नसले तर? ईशानसाठी त्यांनी जे केलं ते शाळेने कुठे लिहून ठेवलं का? ज्या वर्गात ईशान नाही, त्या वर्गात कोणी बघतंय का?

याच सिनेमात राजन दामोदरन आहे. चालायला आधार लागणारा, हुशार, ईशानशी पहिल्यांदा मैत्री करणारा. माझं लक्ष दर वेळी त्याच्याकडे जातं. तो त्या शाळेत आधीपासून आहे, बाकावर बसलाय, शिकतोय. मी ज्याला शोधतोय ते मूल चक्क पडद्यावर, नायकाच्या शेजारी! पण राजन तिथे कसा टिकला, त्याच्यासाठी कोणी काय ठरवलं, कशावर भांडण झालं, यात सिनेमाला रस नाही. राजन ईशानला समजून घेण्यासाठी आहे.

आमच्या शाळेतही एक निकुंभ होत्या. शिपाई मावशी. बाकाखाली बिस्कीट खाणारा मी त्यांना एकदा जिन्यात पांढरा पडलेला दिसलो, त्यांनी काय ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कपाटात एका स्टीलच्या डबीत साखर आली. त्यांच्या घरी सासऱ्यांना मधुमेह होता, त्यामुळे साखर ‘उतरणं’ त्यांना माहीत होतं. नियम, परवानगी, अर्ज, काहीही नाही. मी दारात दिसलो की त्या डबी काढायच्या, पाणी द्यायच्या, आणि बाईंना जाऊन सांगायच्या, “याला मीच बोलावलं होतं.” सातवीपर्यंत माझी शाळा त्या डबीवर चालली.

सातवीच्या जानेवारीत मावशी भाचीच्या लग्नाला गावी गेल्या. कपाटाला कुलूप. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या दारापर्यंत गेलो, कुलूप बघितलं, आणि पुढे काय करायचं हे मला सुचलंच नाही. साखर उतरली की आधी तेच जातं, सुचणं. खिशात पाच रुपये होते, गेटबाहेर गाडीवर चिक्की होती. मी जिन्यात बसून राहिलो. पुढचं मला आठवत नाही. कपाळावर तीन टाके पडले, खूण अजून आहे, व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. हॉस्पिटलात आई पोहोचली तेव्हा तिच्या हातात एक पापलेट होता. कोणाला तरी द्यायला उचलला आणि फोन आला, तसाच घेऊन आली.

आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, एखादं काम एकाच माणसाला येत असेल तर मॅनेजर त्याच्या कौतुकाआधी घाबरतो. उद्या हा बसखाली आला तर, असं उघड विचारतात. क्रूर वाटतं, पण प्रश्न रास्त आहे. मावशी बसखाली आल्या नव्हत्या. लग्नाला गेल्या होत्या.

या नजरेने पाहिलं तर आर. बाल्कींचा ‘पा’ (२००९) मला वेगळ्या कारणासाठी आवडतो. ऑरोला प्रोजेरिया आहे, बारा वर्षांच्या मुलाचं शरीर म्हाताऱ्याचं झालंय. पण सिनेमा सुरू होतो तेव्हा तो शाळेत आहे, आणि शाळेला त्याची सवय झालेली आहे. संपूर्ण पांढरा पृथ्वीगोल करून बक्षीस मिळवतो, पोरांची टिंगल करतो, त्याची टिंगल होते. कोणी उठून त्याच्याबद्दल भाषण करत नाही. ही सवय कशी झाली असेल, पहिल्या दिवशी पोरं कशी वागली असतील, त्याला दम लागला तर कोण बघत असेल, हे मला बघायला आवडलं असतं. त्याऐवजी गोष्ट आई-बाबांच्या तुटलेल्या नात्याकडे जाते आणि ऑरो ते सांधून जातो. आजारी मुलाला आपल्या गोष्टीत काहीतरी सांधूनच जावं लागतं. नुसतं नववीतून दहावीत गेलेलं चालत नाही.

‘हिचकी’ (२०१८) मात्र एका ठिकाणी नेमका बोट ठेवतो. ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाच्या पुस्तकावर बेतलेला हा सिनेमा. टुरेट असलेल्या नैनाला मध्येच आवाज येतात, ते तिच्या हातात नसतं, त्यामुळे लहानपणी एकेक शाळा तिला काढून टाकत जाते. मग एका शाळेत, भर कार्यक्रमात, खान सर तिला मंचावर बोलावतात आणि सगळ्यांसमोर विचारतात की आम्ही तुझ्यासाठी काय करू? ती म्हणते, इतर मुलांसारखं वागवा. बाकीचा सिनेमा मला साधारण वाटतो. नैना स्वतःच मग नववी ‘फ’ची निकुंभ होते आणि आपण परत तिथेच येतो. पण हा प्रसंग मी किती वेळा बघितलाय. मला शाळेत तो प्रश्न कोणी विचारला असता तर मी काय सांगितलं असतं, याची मी एकेकाळी मनात तयारी करायचो. तीनच गोष्टी होत्या: वर्गात खायला द्या, सुई मलाच टोचू द्या, आणि आईला बोलावू नका.

तरी प्रसंगात एक खोट आहे, ती मला उशिरा दिसली. प्रश्न हजार पोरांसमोर विचारलाय. सहावीतला मी मंचावर गेलो असतो तर “काही नको सर” म्हणून खाली उतरलो असतो.

इथपर्यंत आल्यावर मी सिनेमे सोडून कागद वाचायला लागलो. परिपत्रकं. मला वाटतं हाही वाङ्मयप्रकारच आहे, फक्त त्याची समीक्षा कोणी करत नाही. आणि गंमत म्हणजे बाकावरचं मूल मला तिथे सापडलं.

सीबीएसईचं २०१७ चं परिपत्रक घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षेला टाइप वन असलेल्या विद्यार्थ्याला काय नेता येईल याची यादी आहे: साखरेच्या गोळ्या किंवा चॉकलेट, केळं, सफरचंद, संत्रं यांसारखं फळ, सँडविचसारखं काहीतरी, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. एका सरकारी कागदावर केळं! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या मावशींची डबी आठवली. पुढच्या ओळीत मात्र हे सगळं पर्यवेक्षकाकडे ठेवायचं आणि गरज पडल्यावर त्यांनी द्यायचं. म्हणजे परत हात वर करून विचारणं आलं, तेही बोर्डाच्या पेपरला, डोकं चालत नसताना.

२०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं ते याच्या पुढे जातं. वर्गात साखर तपासणं, इन्सुलिन घेणं, मधल्या वेळी खाणं, हे सगळं मुलाला करू द्यावं, असं त्यात आहे. खेळ बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळू द्यावं. दंडावरच्या सेन्सरचा सुद्धा विचार केलाय: तो फोनला जोडलेला असेल तर परीक्षेत फोन शिक्षकांकडे ठेवावा, त्यांनी आकडा बघावा. हे ज्याने लिहिलं त्याने एकदा तरी अशा मुलाशी किंवा त्याच्या आईशी बोलून लिहिलंय हे कळतं. माझ्याही दंडावर आता तसाच सेन्सर आहे. साखर सत्तरच्या खाली गेली की फोन कोकलतो, मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात, मी मुकाट्याने ड्रॉवरमधली चिक्की काढतो.

पण या दोन्ही कागदांचं व्याकरण सारखं आहे. मुलाला ‘परवानगी द्यावी’. परवानगी मुलाने मागायची असते. शाळेने आपणहून काय करायचं, ते वाक्य येतच नाही. आणि कायद्याचा आधार घ्यावा तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार आले ही मोठीच गोष्ट झाली, पण त्या यादीत टाइप वन नाही.

उलट व्याकरण मला इंग्लंडच्या एका कागदात दिसलं. तिथे २०१४ च्या मुले आणि कुटुंबे कायद्याचं कलम १०० शाळांच्या कारभाऱ्यांवर जबाबदारीच टाकतं की आजार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्यवस्था करायला हवी. त्यासोबत सरकारने मार्गदर्शिका काढली. भाषा रुक्ष, कंटाळवाणी, पानंच्या पानं. पण तिच्यात एक भाग आहे, शाळेने काय केलेलं चालणार नाही याचा. मुलाला त्याच्या इनहेलरपर्यंत सहज पोहोचता येऊ नये, असं करणं चालणार नाही. सारखा आजार म्हणजे सारखाच उपचार असं धरून चालणं चालणार नाही. खाणं, पाणी, लघवीला जाणं गरजेच्या वेळी अडवणं चालणार नाही. दवाखान्यामुळे बुडालेल्या दिवसांची शिक्षा चालणार नाही. आणि मग एक मुद्दा येतो: औषध देण्यासाठी पालकांना शाळेत यायला भाग पाडणं, त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागणं, हे चालणार नाही.

मी हे ऑफिसच्या कँटीनमध्ये फोनवर वाचत होतो. वाचलं आणि स्क्रीन बंद केली. रोज एक वाजता, झाडाखाली, मासळीच्या हातांनी. त्याला कुठेतरी कोणीतरी ‘गैर’ म्हणून लिहून ठेवलेलं आहे हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी त्याला आईची माया समजत होतो. ती मायाही होतीच, पण त्या मायेवर शाळेने आपलं काम लोटलं होतं, ते मायेच्या आड मला दिसलं नव्हतं.

त्याच मार्गदर्शिकेत, अगदी सहज, एका यादीत, असंही आहे की जबाबदार कर्मचारी गैरहजर असेल किंवा सोडून गेला तर बदली कोण, हे आधी ठरवलेलं असावं. कोणी नेहमी हजर असावं. बदलीवर आलेल्या शिक्षकालाही सांगितलेलं असावं. माझ्या मते ‘तारे जमीन पर’वरची सगळ्यात मार्मिक टीका या ओळीत आहे, आणि ती लिहिणाऱ्याला तो सिनेमा माहीतही नसेल.

कागद आहे म्हणून सगळं भागलं असं मात्र नाही. याच मार्गदर्शिकेप्रमाणे शिक्षकाला औषध द्यायला विनंती करता येते, सक्ती करता येत नाही. म्हणजे तिथेही शेवटी कोणीतरी “मी करतो” म्हणावंच लागतं. ते बरोबरच आहे असं मला वाटतं. सुई टोचायला भिणाऱ्या माणसाला हुकूम देऊन काय होणार? मला निकुंभ सर नकोत असं अजिबात नाही. मावशी नसत्या तर मी सातवीपर्यंतही पोहोचलो नसतो. मला त्यांच्या रजेच्या दिवसाचं हवंय.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका मुलीला टाइप वन निघाला. तिसरीत आहे. तिची आई आमच्या घरी आली, माझ्या आईशी तासभर बोलली. मग आई मला म्हणाली, “तू कंप्युटरवर एवढा लिवतंस, हिच्या शालेला लिवून दे कायतरी.”

मी एक पान लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेलं लिखाण ते हेच. पहिल्या मसुद्यात कळकळ फार होती, काढली. ‘कृपया’ सात वेळा आलं होतं, एक ठेवलं. ‘परवानगी द्यावी’ होतं तिथे ‘ती खाईल’ असं केलं. उरलं ते असं: साखर कमी झाल्याची तिची लक्षणं (ती रडत नाही, गप्प होते, ओठ चावते). तेव्हा काय द्यायचं, किती द्यायचं, डबी कुठे ठेवलेली आहे. तिला एकटीला वर्गाबाहेर पाठवू नये. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल आणि मग आईला फोन. सहलीला आणि पीटीला ती येणार. शेवटी तीन रकाने: डबी कोण बघणार, ते नसल्यास कोण, तेही नसल्यास कोण.

तिसरा रकाना बघून मुलीची आई म्हणाली, एवढं कशाला, बाई चांगल्या आहेत. माझी आई कोळंबी सोलत बसली होती, वर न बघता म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

मागच्या शुक्रवारी त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. पहिल्या रकान्यात बाईंचं नाव, दुसऱ्यात शेजारच्या वर्गाच्या सरांचं, वेगळ्या अक्षरात, वेगळ्या पेनाने. तिसरा कोरा आहे. सोमवारी विचारायला जातो म्हणाली तिची आई.